टाकी सफाईचा धंदा: तीस हजारांच्या आत सुरुवात कशी करावी

चोवीस तास नळाला पाणी असलेली गावं आपल्याकडे बोटांवर मोजावीत इतकीच. कराडशेजारच्या मलकापूरचं नाव त्यासाठी आजही घेतलं जातं. बाकी ठिकाणी एक दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, उन्हाळ्यात तर आठवड्यानेही पाणी येतं. म्हणून चाळ असो की बंगला, साठवल्याशिवाय कुणाचं भागत नाही. अंगणात हौद, स्लॅबवर काळी नाहीतर पांढरी टाकी. आणि हौदाचं झाकण उघडून आत डोकावणं हे घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचं तरी काम वाटतं. म्हणूनच या धंद्याला जागा आहे.

याला गाळा लागत नाही, नासणारा माल भरावा लागत नाही, आणि एकदा साफ केलेली टाकी सहा महिन्यांत पुन्हा मळते. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. पहिल्या वेळी गिऱ्हाईक मिळवायला जी वणवण होते तिचा खर्च पहिल्या बिलात निघत नाही, तो दुसऱ्या फेरीत निघतो. तेव्हा अवजारं घेताना, दर ठरवताना, अगदी चपला कुठे काढायच्या हे ठरवतानासुद्धा हिशेब एकच ठेवा: हे घर सहा महिन्यांनी आपल्यालाच बोलावणार का?

१. काही विकत घेण्याआधी दोन गल्ल्या फिरा

एक वही घ्या आणि आपल्याच भागातल्या चाळीस-पन्नास घरांची माहिती लिहा. हौद आहे का, वरची टाकी कसली, गच्चीवर जायला जिना आहे की लोखंडी शिडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं. टाकी सफाईचं काम पाणी येण्याच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या संध्याकाळीच धरायचं असतं. तेव्हा टाकी तशीही तळाला गेलेली असते, ओतून द्यायला फारसं पाणी उरत नाही आणि साफ झाल्यावर लगेच भरते. ज्याने हे पाहिलं नाही तो भरलेला हौद उपसायला जातो, आणि दुष्काळी तालुक्यात चार हजार लिटर पाणी गटारात सोडणाऱ्याला शेजारीसुद्धा दारात उभं करत नाहीत.

गल्लीगल्लीचे पाण्याचे दिवस वेगळे असतात, हे तुमच्या फायद्याचं आहे. सोमवारी या वॉर्डात, मंगळवारी त्या, असा आठवडा आपोआप बसतो. दीडशे घरं वर्षातून दोनदा म्हणजे तीनशे कामं, साधारण रोज एक. दोन माणसांच्या धंद्याला एवढं पुरे. सगळं शहर धरायची गरज नाही.

२. सामान

पहिल्या टप्प्यात मशीन घेऊ नका. नायलॉनचे कडक ब्रश (एक लांब दांड्याचा, एक हातातला), वायपर, सुपली, घमेलं, तीन-चार बादल्या, सुती फडकी, स्पंज, गमबूट, रबरी हातमोजे, मास्क, डोक्याला लावायची बॅटरी, जाड दोर आणि छोटा डिजिटल काटा. हे सगळं तीन ते चार हजारांत येतं. त्यावर अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्यात बुडणारा पंप आणि तीस-चाळीस फूट पाईप, साधारण चार हजार. गमबूट आणि ब्रश फक्त टाकीसाठीच ठेवा. तेच बूट घालून रस्त्यावरून चालत आलात आणि हौदात उतरलात, तर घरातल्या आजी ते बघणारच आणि पुढच्या वेळी फोन येणार नाही.

विजेचा लांब बोर्ड मात्र बाजारातला तयार घेऊ नका. तीन तारांची जाड केबल, अर्थिंग असलेला प्लग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या. दोन-अडीच हजार जातील. ओल्या जागी काम करणाऱ्याने इथे काटकसर करायची नसते.

दहा-पंधरा कामं झाली, हात बसला, की मग प्रेशर वॉशर (सहा ते नऊ हजार) आणि पाणी-गाळ ओढणारा ओला-सुका व्हॅक्युम (पाच-सात हजार). घेण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी पितं. टाकी रिकामी केल्यावर ते पाणी आणायचं कुठून? म्हणून उपसण्याआधी वरचं स्वच्छ पाणी पिंपात काढून ठेवावं लागतं. दुसरं, ही मशीनं १५००-१८०० वॅटची. गच्चीवर १६ अँपिअरचा प्लग क्वचितच असतो, म्हणून केबल खालून वर न्यावी लागते. जुन्या हौदाचा गिलावा पोकळ असेल तर जोराच्या फवाऱ्याने पोपडे निघतात आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या माथी येतं. अशा हौदाला ब्रशच बरा.

अतिनील किरणांची नळी टाकीत दोन मिनिटं फिरवून 'निर्जंतुक' म्हणणारेही आहेत. बघायला छान वाटतं. माझ्या मते त्या पैशात दुसरा पंप घ्या.

३. हात बसवायचा आपल्याच घरी

पहिली टाकी आपली, दुसरी मामाची, तिसरी शेजाऱ्यांची. पैसे घेऊ नका, पण काम गिऱ्हाइकाचं असल्यासारखं वेळ लावून करा, कारण दर पुढे याच वेळेवरून ठरणार आहे.

कामाचा क्रम असा. आदल्या दिवशी घरच्यांना सांगायचं की पाणी जेवढं वापरता येईल तेवढं वापरा, बादल्या-पिंपं भरून ठेवा. आल्यावर आधी झाकण उघडून आतला फोटो काढायचा. मग नळाकडून येणारा व्हॉल्व्ह बंद, घरच्या मोटारीचं बटण बंद, आणि बटणावर चिकटपट्टी. घरातलं कुणीतरी सवयीने मोटार सुरू करतंच. उरलेलं पाणी पंपाने बागेला किंवा अंगणाला द्यायचं. तळाशी चार बोटं पाणी राहिलं की पंप थांबवा. त्याखाली गाळ आहे, तो पंपात गेला तर पंप बसतो. तो गाळ सुपलीने घमेल्यात काढून झाडांच्या आळ्यात टाकायचा. क्लोरीनचं काम याच्यानंतर, त्यामुळे झाडांना धोका नाही.

घासताना वरून खाली या: आधी छत आणि झाकणाची आतली बाजू, मग भिंती, शेवटी तळ. नवखा माणूस तळापासून सुरू करतो आणि तळ दोनदा घासतो. शेवाळ ब्रशने निघतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर मात्र चिवट असतो; तो निघेल तेवढाच काढा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. ॲसिड टाकीत न्यायचं नाही. ते सिमेंट खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. साबणाची पावडरही नको, कोपऱ्यातून ती धुऊन निघत नाही आणि दोन दिवस पाण्याला फेस येतो.

कोपरे, फूटव्हॉल्व्हची (मोटारीच्या पाईपच्या खालच्या टोकाच्या झडपेची) जाळी, बॉलकॉकची (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) दांडी आणि ओव्हरफ्लोचं (जास्तीचं पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपचं) तोंड या चार जागी हाताने घासा. बोटाने पुसून बघा: बुळबुळीत लागलं तर अजून झालेलं नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी आहे का, तेही इथेच कळतं. नसेल तर नायलॉनची जाळी बांधून द्या. डासाची अंड्यापासूनची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते आणि त्याला आत शिरायला तेवढंच तोंड पुरतं. दहा रुपयांची जाळी आहे, वेगळे पैसे लावू नका.

पाचशे-हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत सहसा उतरायचं नसतं. तोंडातून लांब ब्रश चालतो. टाकी आडवी करायची असेल तर आधी पाईपची जोडणी तपासा. जुन्या लोखंडी (जीआय) पाईपचं नाकं तुटलं की सकाळ प्लंबर शोधण्यात जाते.

४. हौदात उतरताना

हा भाग घाईने वाचू नका. बंद हौदात हवा दिसायला असते, पण तिच्यात प्राणवायू कमी असू शकतो. कुजणारा कचरा आणि गंजणारं लोखंड तो खाऊन टाकतात. नवीन बांधलेली, बरेच दिवस बंद असलेली टाकी तर जास्त फसवी. वास येत नाही, त्रास जाणवत नाही, माणूस वाकतो आणि पडतो. मेणबत्ती सोडून बघण्याच्या जुन्या पद्धतीवर भिस्त ठेवू नका.

झाकण, किंवा दोन असतील तर दोन्ही, अर्धा-पाऊण तास आधी उघडायचं. टेबलफॅन तोंडाशी धरून नाहीतर ब्लोअरने आत हवा मारायची आणि तो काम होईपर्यंत चालू ठेवायचा. उतरणाऱ्याच्या छातीला दोर, त्याचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. वरचा माणूस जागा सोडत नाही, चहा प्यायलासुद्धा नाही. दर दोन मिनिटांनी हाक. आतल्याने उत्तर दिलं नाही तर वरच्याने खाली उडी मारायची नाही. दोराने ओढायचं आणि ओरडून माणसं जमवायची. हौदातल्या अपघातांत दुसरा जीव जातो तो वाचवायला उतरणाऱ्याचा.

पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप हौदाच्या तोंडाशी लावू नका, त्याचा धूर आत साठतो. विजेचा पंप पाण्यात असताना कुणी आत नाही: आधी प्लग काढायचा, पंप वर घ्यायचा, मग पाय आत. माणूस आत असताना उजेडासाठी बॅटरीच वापरा, वायरचा बल्ब नको.

आणि कुणी म्हणालं, "दादा, आलाच आहात तर सेप्टिक टँकचंही बघा," तर सरळ नाही म्हणा. सेप्टिक टँक आणि गटारात माणूस उतरवून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम नगरपालिकेच्या किंवा खासगी मैला टँकरचं. शिवाय पिण्याच्या टाकीत उतरणारा माणूस तिकडेही उतरतो, हे गल्लीत कळलं तर धंदा तिथेच संपला.

५. टीसीएलचं माप

ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात तीच ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पुडा उघडा राहिला, उन्हात किंवा दमटात ठेवला, तर तो उडून जातो. वास मंद झालेली पावडर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. लहान पुडे घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

भिंतींना लावायला दहा लिटर पाण्यात ६-७ ग्रॅम पावडर. आधी मगमध्ये थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. ते बाहेर उभं राहून फवाऱ्याने किंवा लांब ब्रशने लावायचं. आत उतरून क्लोरीन मारायचा नाही. अर्धा तास थांबून साध्या पाण्याने धुवा आणि ते पाणी बाहेर काढा.

टाकी भरल्यावर हजार लिटरला ५ ग्रॅम या मापाने पावडरीचं निवळ पाणी घाला आणि अर्धा तास वापर थांबवा. मग ओटी टेस्ट: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच. परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे दोन-चार थेंब, पिवळी झाक आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम धरला आहे. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, टाकीत परत ओतायचं नाही. ही टेस्ट गिऱ्हाइकासमोर करा. कामाची खात्री तिने जेवढी पटते तेवढी बोलून पटत नाही.

मात्र खोटं आश्वासन नको. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पाण्याचा विषय घरोघरी निघाला. अशा वेळी भीती घालून काम मिळतं, पण नळालाच दूषित पाणी येत असेल तर साफ टाकीने ते शुद्ध होणार नाही. तेव्हा "पाणी उकळूनच प्या" हे आपणच सांगावं.

६. दर

लिटरवर दर सांगायला सोपा, पण त्याने लहान कामात तोटा आणि मोठ्या कामात घासाघीस होते. वेळ आणि अडचण धरा. एक उदाहरण: हौद साधारण सहा हजार लिटरचा आणि वर हजार लिटरची टाकी. दोन माणसं, तीन तास. मदतनिसाची अर्ध्या दिवसाची मजुरी ४००, पेट्रोल ६०, पावडर-फडकी ४०, अवजारांची झीज १००. झाले ६००. तुमची मजुरी ६०० धरली की १२०० होतात, मग १३०० सांगा. नुसती वरची टाकी असेल तर तुमच्या गावात जो चालतो तो दर, पण चारशेच्या खाली जाऊ नका. जाण्यायेण्यातच तेवढे जातात. लोखंडी शिडी, तिसरा मजला, पाच वर्षं न उघडलेला हौद यांचे पैसे वेगळे, आणि ते काम सुरू करण्याआधी सांगायचे.

लोकांना आपल्या हौदाचं माप ठाऊक नसतं. फुटात लांबी, रुंदी, खोली मोजा, गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा: आठ बाय सहा बाय पाचचा हौद जवळपास ६८०० लिटरचा. गोल टाकीला व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले २२. टेप काढून दोन मिनिटांत आकडा सांगितला की घासाघीस निम्मी कमी होते.

७. कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर, सरकारी संकेतस्थळावर, फुकट होते. तिच्यासारखी दिसणारी पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली, म्हणजे लोक ज्याला गुमास्ता म्हणतात त्यासाठी, ऑनलाइन सूचना देणं पुरतं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पावती पुस्तक क्रमांकाचं छापून घ्या.

कर्जाचं म्हणाल, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. आधी रोज एक काम येऊ दे.

स्वतःचा आणि मदतनिसाचा अपघात विमा मात्र पहिल्या आठवड्यातच काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात आणि २ लाखांचं संरक्षण मिळतं. तेवढं पुरेसं नाही, पण त्याशिवाय कुणाला हौदात उतरवणं बरं नाही.

८. गिऱ्हाईक कुठून येतं

पत्रकं वाटून फारसं येत नाही. प्लंबरकडून येतं. मोटारीत गाळ भरला, फूटव्हॉल्व्ह चोकअप झाला, की लोक आधी त्याला बोलावतात, आणि गाळ तो काढत नाही. त्याला टक्केवारी देण्यापेक्षा उलट काम द्या: बॉलकॉक खराब, व्हॉल्व्ह गळतोय, हे तुम्हाला रोज दिसणार आहे. ते स्वतः करायला जाऊ नका, त्याचा नंबर द्या. महिनाभरात देवाणघेवाण सुरू होते.

गुगलच्या नकाशावर आपल्या सेवेची फुकट नोंद करा आणि झालेल्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो टाका. घराचा नंबर, नावाची पाटी दिसणार नाही असे. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतः जाहिरात टाकू नका. ज्यांचं काम केलं त्या काकूंनी फोटो टाकला तर चार फोन येतात.

दुपारी घरी बहुतेक बायकाच असतात. बचत गटातल्या दोघीतिघींनी हे काम उचललं, निदान वरच्या टाक्यांपुरतं, तर दार त्यांच्यासाठी जास्त सहज उघडतं. मला आश्चर्य वाटतं की हे अजून फारसं कुणी करत नाही.

९. दुसरी फेरी

काम झालं की मोटारीच्या बटणाजवळ स्टिकर लावा: सफाईची तारीख, पुढची तारीख, फोन नंबर. टाकीवर लावलेलं उन्हात फिकं पडतं आणि कुणी बघतही नाही. बटणाकडे हात रोज जातो. वहीत त्या घराचं पान ठेवा: माप, पाण्याचा दिवस, किती वेळ लागला, काय अडचण आली, झाकण गंजलंय का, कुत्रा आहे का. सहा महिने भरायच्या आठवडाभर आधी फोन करायचा, आणि तोही ते पान समोर ठेवून: "वहिनी, तुमच्याकडे गुरुवारी पाणी येतं ना? मग बुधवारी संध्याकाळी येऊ का?" एवढंच. बहुतेक वेळा होकार येतो, कारण त्यांना काही आठवावं लागत नाही.

एप्रिल-मे आणि गणपती ते दिवाळी हा हंगाम. भर पावसात गच्चीवरची कामं थांबतात, तेव्हा सोसायट्यांच्या मागे लागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सेक्रेटरींच्या हातात तुमचं लेखी दरपत्रक पडलं पाहिजे. त्यात वर्षातल्या दोन सफाया, प्रत्येक टाकीचं माप, एक कप्पा चालू ठेवून दुसरा साफ करणार हे स्पष्ट लिहा. अग्निशमनाच्या टाकीला कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय हात लावणार नाही, हेही लिहा. ती रिकामी असताना आग लागली तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कमिटीलाच आधी पडतो. पैसे चेकने, बहुधा पुढच्या बैठकीनंतर मिळतात. तेव्हा सोसायटीचं काम घेताना महिनाभराची मजुरी आणि पेट्रोल खिशात असू द्या.